पैलवानाच्या खांद्यावरच्या रेघा

आमच्या गावात माझ्या नोकरीविषयी एकच माहिती पक्की होती, ती म्हणजे मी नगरला ‘लाइट मारते’. ही माहिती वडिलांनी पसरवली होती. आठवडी बाजारात कोणी विचारलं, ‘पोरगी काय करती?’ की ते सांगायचे, ‘दवाखान्यात लाइट मारती.’ ऐकणारा दवाखाना विसरायचा आणि लाइट लक्षात ठेवायचा. त्यामुळे मी वीजमंडळात लागले असा बऱ्याच जणांचा समज होता. एका चुलत्यांनी तर विहिरीवरच्या मोटारीचं कनेक्शन लवकर मिळवून दे म्हणून निरोपावर निरोप पाठवले. ते काम माझ्या हातात नाही, असं मी कळवलं, तेव्हा ‘शिकली आन शेफारली’ असं त्यांचं माझ्याबद्दल मत झालं.

मी कर्जत तालुक्यातली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ते दुसऱ्यांच्या डाळिंबाच्या बागांमध्ये छाटणीला जायचे आणि आई खुरपणीला. वस्तीवरच्या बुद्धविहारात ट्यूबलाइट होती, तिच्याखाली बसून मी बारावी केली. पुढे नगरच्या वसतिगृहात राहून भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झाले. प्रकाशाचे नियम पाठ करताना हे ज्ञान पुढे लोकांच्या पोटावर आणि खांद्यावर वापरायचं आहे, अशी पुसटशीही कल्पना मला नव्हती.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. नगरमधल्या एका त्वचारोगतज्ज्ञांनी मोठ्या शहरातल्या कुठल्याशा डॉक्टरकडून एक वापरलेलं लेझर मशीन घेतलं होतं. ते सांभाळायला त्यांना भौतिकशास्त्राचा पदवीधर हवा होता, आणि रुग्ण बहुतेक बायका असल्यामुळे शक्यतो स्त्री. मुलाखतीत डॉक्टरसाहेबांनी एकच प्रश्न विचारला. ‘मशीन चालू असताना व्होल्टेज कमी-जास्त झालं तर काय कराल?’ मी म्हणाले, ‘आधी मशीन बंद करीन, मग कारण शोधीन.’ आधीच्या उमेदवारांनी आधी कारण शोधलं होतं, असं नंतर कळलं. एवढ्या साध्या उत्तरावर साहेबांनी मला ठेवून घेतलं आणि पुढे सगळं हाताला धरून शिकवलं. त्या उपकाराची जाणीव मला अजून आहे.

आता ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पोटावर, मांड्यांवर, दंडावर ज्या लांबट रेघा पडतात त्यांना स्ट्रेच मार्क म्हणतात. बाळंतपणात पोट वाढतं, वयात येताना मुलं एकदम उंच होतात, कोणी भराभर जाड होतं. वरची कातडी कशीबशी ताणून घेते, पण तिच्या आतला थर तुटतो. त्याचीच ती रेघ. सुरुवातीला रेघ लाल-जांभळी असते, कारण आतल्या बारीक रक्तवाहिन्या दिसत असतात. वर्षा-दोन वर्षांत ती पांढरी पडते. आमच्या मशीनच्या पोटात रंगीत द्रवाचा डबा होता. त्यातून पिवळा प्रकाश क्षणभर चमकायचा. हा प्रकाश लाल रंग शोधतो आणि त्या बारीक वाहिन्यांवर काम करतो. रेघ पुसली जात नाही, फिकट होते. पांढऱ्या रेघेत लाल काही उरलेलंच नसतं, म्हणून तिथे तो फारसं काही करू शकत नाही.

हे सगळं मी येणाऱ्या प्रत्येक बाईला समजावून सांगायचे. एकदा एका सुनेबरोबर तिची सासू आली होती. तिने माझं सगळं बोलणं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाली, ‘म्हंजी ह्या मशीनला नवी चूक दिसती, जुनी दिसत न्हाई. आमच्या मालकाच्या उलटं हाय.’ मग मशीनला एक प्रदक्षिणा घालून तिने ‘गुडघ्यावर चालतं का?’ असंही विचारलं.

मशीनचे लाडही पुष्कळ होते. ते गरम व्हायला वेळ घ्यायचं, आणि गरम झालं की हमखास वीज जायची. मग जनरेटर, मग पुन्हा गरम करणं. बाहेर बाकड्यांवर बायका बसलेल्या. एकीकडे मुलांना शेंगदाणे सोलून देणं चाललेलं, आणि दुसरीकडे कोण कशासाठी आली याचा अंदाज. प्रत्येक बाई ‘बहिणीला सोबत म्हणून आले’ असं सांगायची. सोबत आलेल्या इतक्या बहिणी आणि रुग्ण एकही नाही, असा दवाखाना जिल्ह्यात दुसरा नसेल.

अशा बाकड्यावर एक दिवस भागवत पैलवान येऊन बसले आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाच्या बाईला आपण वर उचलले गेलो की काय असं वाटलं. बरोबर त्यांचे चुलते होते, दशरथनाना. नानांची मिशी पैलवानाला शोभावी अशी आणि पैलवानाचा चेहरा आठवीतल्या मुलासारखा.

आत आल्यावर साहेब म्हणाले, ‘शर्ट काढा.’

भागवतने माझ्याकडे पाहिलं आणि कॉलरचं बटण लावून घेतलं.

‘पैलवान, तुम्ही अख्ख्या गावासमोर लंगोटावर उभे राहता,’ साहेब म्हणाले.

‘तितं बाया लांब असत्यात, सायब.’

मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले तेव्हा शर्ट निघाला. नंतर पुन्हा वळावंच लागलं, कारण मशीन माझ्याकडे होतं. दोन्ही खांद्यांवरून काखेकडे उतरणाऱ्या ठळक जांभळ्या रेघा होत्या. दूध, तूप, बदाम आणि जोर-बैठकांवर वर्षभरात शरीर इतकं भरलं होतं की कातडी मागे राहिली होती. साहेबांनी विचारलं, ‘काही गोळ्या, इंजेक्शनं घेता का? कसली क्रीम?’ त्यांनी ते विचारायलाच हवं, कारण काही औषधांनीही अशा रेघा येतात. पण नाना दुखावले. म्हणाले, ‘सायब, घरची म्हस हाय.’ म्हणजे याउपर चौकशी नको.

मग नानांनी खरी अडचण सांगितली. भागवतचं लग्न संगमनेरकडच्या एका डाळिंब-बागायतदाराच्या मुलीशी, सुनंदाशी, ठरलं होतं. सुपारी फुटली होती. मुलीच्या वडिलांना सगळे तात्या म्हणत. त्यांना कुस्तीचा भारी नाद, म्हणून त्यांनी पैलवान जावई धुंडाळून काढला होता. पण कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं की पोराच्या खांद्यावर कोड फुटतंय.

‘मंग तात्यांनी निरोप धाडला,’ नाना म्हणाले, ‘का जत्रंच्या हगाम्याला येतो, माझ्या डोळ्यांनी अंग बघतो, मंगच साखरपुड्याचं बोलू.’

हगामा म्हणजे जत्रेतल्या कुस्त्या. मुलगी बघायला जातात तेव्हा ती साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन पोह्यांची बशी आणते. इथे मुलगा बघायचा होता, तोही लंगोटावर, हलगीच्या तालावर आणि हजारो लोकांसमोर. मला मनातून थोडा न्याय झाल्यासारखं वाटलं. पण नाना फोन करायला बाहेर गेले तेव्हा भागवत खाली बघत म्हणाला, ‘ताई, ही सोयरीक मोडली तर पुन्यांदा कुटं बघायला जानार न्हाई मी.’ सुनंदाला तो एकदाच भेटला होता. तिने त्याला ‘रोज किती दूध पिता?’ असं विचारलं होतं आणि उत्तर ऐकून हसली होती. तेवढ्या भांडवलावर तो आमच्याकडे आला होता.

हे कोड नाही, साध्या ताणाच्या खुणा आहेत, आपोआपही फिकट होतील, असं साहेबांनी दोघांना समजावलं. मशीन वापरायचंच असेल तर आपल्याकडच्या सावळ्या कातडीला ते कसं मानवतं हे आधी थोड्या जागेवर तपासायचं आणि काही आठवडे थांबायचं.

‘परीक्षा कशाला घेता सायब, समदं एकदम मारा की,’ नाना म्हणाले.

साहेब ऐकणाऱ्यांतले नव्हते. डोळ्यांना इजा होऊ नये म्हणून खोलीतल्या प्रत्येकाला गडद चष्मा लावावा लागतो. नानांनी तो लावला, मिशीवरून हात फिरवला आणि भिंतीवरच्या आरशाकडे बघत ‘ह्यो घरी न्यायचा असतो का?’ असं विचारलं. मी मशीन तयार केलं. साहेबांनी उजव्या खांद्यावर पहिला ठिपका दिला. ‘टक्’ असा आवाज होतो आणि रबर बँड ओढून सोडल्यासारखा चटका बसतो, बाकी काही नाही. पण भागवत असा उसळला की टेबलाचा पाय वाकला. तो शेवटपर्यंत वाकडाच राहिला, आम्ही खाली वीट ठेवायचो.

‘हळू मारा बाई,’ नाना मला म्हणाले. ‘पोरगं नाजूक हाय.’

दहा-बारा ठिपके झाले. ही जागा आठ-दहा दिवस जांभळी दिसेल, घाबरायचं नाही, तोवर तेल नको, ऊन नको आणि आखाड्याची माती तर अजिबात नको, असं मी बजावून सांगितलं. वस्तादांना काय सांगायचं, हे मात्र सांगायचं राहिलं. ते आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

तालमीतल्या वस्तादांनी भागवतच्या खांद्यावर एका ओळीत जांभळ्या टिकल्या पाहिल्या आणि त्यांनी चटकन ताडलं. आमच्या भागात कावीळ झाली की डाग देणारे असायचे. तापलेल्या सळईने किंवा बिब्ब्याने अंगावर असेच गोल डाग देत. वस्ताद म्हणाले, ‘कावीळ झाली, डागून आला, आन मला पत्त्या न्हाई?’ भागवत खरं सांगू शकत नव्हता, कारण पैलवान दिसण्यासाठी दवाखान्यात जातो हे कळलं तर तालीम त्याला जगू देणार नव्हती. वस्तादांनी त्याचं मटण, तूप, बदाम बंद केलं आणि त्याला उसाच्या रसावर आणि ताकभातावर ठेवलं. मातीत उतरायला आम्ही मनाई केलीच होती, आता खाण्यालाही मनाई झाली.

ही बातमी संगमनेरला पोचायला वेळ लागला नाही. तात्यांचा दुसरा निरोप आला. पोराला कोड हाय का कावीळ, ते एकदा नक्की सांगा.

जत्रेआधी नाना भागवतला घेऊन पुन्हा आले. जांभळेपणा गेला होता. जिथे जिथे प्रकाश लागला होता तिथे तिथे लाल रेघेवर फिकट गोल उठले होते. साहेबांनी भिंग लावून पाहिलं आणि ते खूश झाले. ‘फार छान. कातडीने मानवून घेतलं.’

नानांनी खांदा न्याहाळला. ‘सायब, आधी नुसत्या रेघा हुत्या. आता ठिपक्यांची रांगोळी झाली.’

नानांचं खरं होतं. आधी जे लांबून कोडासारखं वाटलं असेल, ते आता जवळूनही वाटायला लागलं होतं. उरलेला भाग करावा तर जत्रेच्या दिवशी अख्खा खांदा जांभळा दिसला असता. साहेबांनी मशीन लावायला साफ नकार दिला.

‘मंग तुमी जत्रंला चला,’ नाना म्हणाले. ‘माइकवर तेवढं सांगा, ह्यो कोड न्हवं म्हनून. तुमचा शब्द पडायचा न्हाई.’

‘तात्यांना इथे घेऊन या, मी त्यांच्याशी तासभर बोलतो. रुग्णाची गोष्ट मी माइकवर सांगत नसतो,’ साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘आणि तुम्हीही नाही. या खोलीत दिसलं ते या खोलीत राहिलं पाहिजे.’ मी त्यांच्याच भागातली आहे हे त्यांना माहीत होतं.

तात्या काही दवाखान्यात येणाऱ्यांतले नव्हते. नाना उठता उठता म्हणाले, ‘असू द्या. मातीनं झाकू. पैलवानाच्या अंगाला माती काय नवी न्हाई.’

ती जत्रा माझ्या आत्याच्या गावची. दादांना कुस्त्यांचा शौक, त्यामुळे आम्ही दरवर्षी जायचोच. मी बायकांबरोबर एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी होते. दादा खाली आखाड्याच्या कडेला, गर्दीच्या शेवटच्या रांगेत. पंचांशेजारी खुर्चीवर पांढराशुभ्र फेटा बांधून एक उंच गृहस्थ बसले होते. नाना त्यांना सारखे पान देत होते, त्यावरून ते तात्या हे मी ओळखलं.

भागवत आला तो शेणाने सारवलेल्या भिंतीसारखा. तेल, हळद आणि तांबडी माती कालवून नानांनी त्याच्या खांद्यांवर असा थर चढवला होता की हात वर केला की ढलप्या पडत होत्या. माझ्या शेजारची बाई म्हणाली, ‘ह्यो काय भाजायला निघालाय का?’ भागवतने शड्डू ठोकला, तेव्हा मांडीऐवजी खांद्यावरूनच धूळ उडाली.

समोरचा जोडीदार पारनेरकडचा, चपळ आणि घामट. हात मिळाले, हलगी चढली. थोडा वेळ नुसती खडाखडी, म्हणजे एकमेकांचा अंदाज घेणं, चाललं. मग त्या गड्याने भागवतच्या मानेत हात घातला, झटका दिला, आणि परत येताना त्याचा घामेजलेला पंजा भागवतच्या उजव्या खांद्यावरून घसरत खाली आला. पाटीवरून ओला फडका फिरावा तसा. नानांचा सगळा गिलावा एका फटक्यात उतरला आणि खाली लाल रेघा आणि त्यावरचे फिकट गोल स्वच्छ दिसू लागले.

गडी थांबला. त्याने आपला हात पाहिला, भागवतचा खांदा पाहिला आणि दोन पावलं मागे सरकला.

‘पंच, ह्याच्या अंगाव कोड हाय. म्या धरनार न्हाई.’

हलगी बंद पडली. ‘कोड, कोड’ असा शब्द गर्दीतून लाटेसारखा मागे मागे गेला. तात्या खुर्चीवरून उठले. नाना त्यांच्यासमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले, जणू त्यांच्या आडव्या शरीराने खांदा झाकला जाणार होता. आणि भागवत आखाड्याच्या मधोमध तसाच उभा. एवढ्या मोठ्या शरीराला लपायला जागा कुठे असणार? त्याने डाव्या हाताने उजवा खांदा झाकला.

नाना आणि भागवत सोडले तर त्या हजारो माणसांमध्ये हे कोड नाही हे ठामपणे सांगू शकणारी मी एकटी होते, आणि मला बोलायची परवानगी नव्हती. मी ट्रॉलीची फळी धरून उभी राहिले. साहेबांचं वाक्य आणि भागवतचा चेहरा, दोन्ही डोक्यात गरगरत होती. ओठ उघडले होते की नाही मला आठवत नाही. तेवढ्यात खालून एक ओळखीचा आवाज आला.

‘कोड न्हवं ते.’

दादा होते. शेवटच्या रांगेतून ते वाट काढत पुढे आले होते. डोक्यावरची टोपी त्यांनी हातात घेतली होती.

‘तू कोन रं? तुला काय कळतंय?’ कोणीतरी ओरडलं.

दादा थांबले. आमच्या वस्तीवरचा माणूस त्या गावाच्या पंचांसमोर न बोलावता बोलायला उभा राहणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती, आज वाटते तितकी तर मुळीच नाही. ते मागे फिरतील असं मला वाटलं. ते तात्यांकडे वळून म्हणाले, ‘मी डाळिंबावर काम करतो. तुमी बागायतदार दिसताय. हातावर काटे लागल्याल्या खुना हायती तुमच्या.’

‘बोलू द्या त्यास्नी,’ तात्या म्हणाले.

‘डाळिंबाला लई दिस पानी न्हाई आन मंग एकदम बसलं, तर काय हुतं?’

‘तडाकतं.’

‘म्हंजी किडलं का?’

तात्या म्हणाले, ‘न्हाई. आत दाना एकदम भरतो. साल मागं ऱ्हाती, म्हनून तडाकतं.’

‘तसंच हाय ह्ये. पोरगं एकदम भरलं, कातडं मागं ऱ्हायलं. वरून फुटलं न्हाई, आतून फुटलं, म्हनून रेघा दिसत्यात. लाल हाय तवर ताजं. पुढं पांढरं पडतं. एकाचं दुसऱ्याला लागत न्हाई.’ मग म्हणाले, ‘गोल गोल काय हाय ते मातूर मला म्हाईत न्हाई.’

मला माहीत होतं. मी गप्प राहिले.

तात्या आखाड्यात उतरले. त्यांनी भागवतचा हात बाजूला केला, अंगठ्याला थुंकी लावून खांदा चोळला, कातडी चिमटीत धरून बागेतल्या फळासारखी दाबून पाहिली. मला वाटतं, जगात इतक्या बारकाईने मुलगा कोणी बघितला नसेल.

तेवढ्यात पंचांमधले एक म्हातारे पैलवान उठले आणि सदऱ्याची बटणं सोडायला लागले. ‘मंग ह्ये काय हाय? माझ्या जवानीपासनं हाय.’ त्यांच्या सुरकुतलेल्या खांद्यावर पांढऱ्या रेघा होत्या, अगदी त्याच जागी. ते पाहून दुसऱ्याने बंडी वर केली. मग भागवतचे वस्तादच पुढे झाले आणि म्हणाले, ‘माझ्या दोन्ही खांद्यांना हायती.’ बघता बघता जुन्या मल्लांची रांग लागली. कोणाच्या रेघा जास्त, कोणाच्या रुंद, यावर वाद सुरू झाले. एका म्हाताऱ्याच्या अंगावर एकही निघाली नाही, तर बाकीचे त्याला म्हणाले, ‘म्हंजी तू नुसताच लंगोट वाळत घालीत हुतास.’ पारनेरच्या गड्याने गुपचूप आपली काख तपासली. तिथे काहीतरी सापडलं असावं, कारण त्याचा चेहरा उजळला आणि तो हात चोळत परत पुढे आला.

कुस्ती पुन्हा लागली आणि भागवत चितपट झाला. ताकभातावर काढलेल्या दिवसांनी दुसरं काय होणार? नाना डोकं धरून खाली बसले. तात्यांनी पडलेल्या भागवतला हात देऊन उठवलं, त्याच्या पाठीवरची माती झटकली आणि नानांना म्हणाले, ‘कुस्ती पुढच्या साली बघू. साखरपुडा ह्याच महिन्यात धरा.’

सगळे हसले, मीही हसले. पण घरी जाताना एक गोष्ट मला टोचत राहिली, ती अजून टोचते. ‘कोड नाही, कोड नाही’ म्हणून आम्ही सगळे सुटकेचा श्वास टाकत होतो. कोड असतं तर काय बिघडलं असतं? तेही एकाचं दुसऱ्याला लागत नाही. आमच्या बाकड्यावर कोड असलेल्या मुली यायच्या, ‘बहिणीला सोबत म्हणून’. त्यांच्यासाठी कुठल्या आखाड्यात कोणी सदरा काढला नाही.

वाटेत मी दादांना विचारलं, ‘तुम्हाला हे सगळं कुठून कळलं?’

‘तूच सांगत हुतीस की. नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा घरी आलीस तवा. तुझ्या आईला फुग्याचं उदाहरन देत हुतीस.’

‘मग डाळिंब कुठून आलं?’

‘आमी फुगे कुटं फुगवले? म्हनून मी आपलं डाळिंब धरलं. ऐकत हुतो मी. तुला वाटलं झोपलो.’

दुसऱ्या आठवड्यात मी हे साहेबांना सांगितलं, नाव न घेता. साहेबांनी नाव विचारलंही नाही. पण त्या दिवसापासून ते रुग्णांना फुग्याऐवजी डाळिंबाचं उदाहरण द्यायला लागले आणि लोकांना लवकर कळायला लागलं.

जत्रेचा एक परिणाम मात्र आम्हाला नको होता. तालमीतली तरणी पोरं दवाखान्यात येऊ लागली. ‘बहिणीला सोबत’ नव्हे, सरळ स्वतःसाठी. पहिल्याने शर्ट काढून आपले गुळगुळीत खांदे दाखवले आणि विचारलं, ‘बाई, तुमच्या मशीननं रेघा पाडून मिळत्यात का?’ मी म्हणाले, ‘हे मशीन रेघा कमी करतं.’ त्यावर तो म्हणाला, ‘मंग उलटं फिरवा की.’

भागवतने उरलेल्या रेघांना मशीन लावून घेतलं नाही. लग्नानंतर वर्षभराने सुनंदा आली. तिला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पोटुशी होती, पोटाला फार खाज सुटायची, म्हणून नानांनी पाठवलं होतं. जत्रेत बोललेला माणूस माझे वडील, हे नानांनी तोवर शोधून काढलं होतं. साहेबांनी साधं मलम दिलं. पोटावर लाल रेघा उमटायला लागल्या होत्या. मी माझं नेहमीचं सांगायला लागले की आता काही करता येत नाही, पण बाळंतपणानंतर रेघा ताज्या असतानाच आलीस तर उपयोग होईल.

‘बघू,’ ती म्हणाली. ‘ह्यांच्या खांद्याला आमच्या तात्यांनी भर जत्रंत पास केलंय. माझ्या पोटाला कोन नापास करतंय?’

बाळंतपणानंतर ती आली, पण मशीनसाठी नाही. भागवतने डोक्यावरून डाळिंबांची पाटी आणली होती, तात्यांच्या बागेतली. वरची डाळिंबं निवडक, तेलकट चमकणारी. खाली कागदात वेगळी गुंडाळलेली दोन होती. मी कागद सोडला. दोन्ही चांगली तडकलेली, फटीतून लाल दाणे दिसत होते.

‘ती चुकून न्हाई आली,’ सुनंदा म्हणाली. ‘ती तुमच्या दादांना.’

शनिवारी मी पाटी गावी नेली. दादांनी वरच्या चमकणाऱ्या डाळिंबांना हातसुद्धा लावला नाही. आधी ती दोन सोलली.